डीबगरच्या स्क्रीनवर सगळ्यात आधी काय दिसायला हवं? जीडीबीसाठी जीयूआय करतोय, मदत हवी

पर्वतीपायथा | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून जीडीबीवर (हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीला थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन) एक छोटा जीयूआय, म्हणजे खिडक्या-बटणांचा दर्शनी भाग, लिहितोय, क्यूटी लायब्ररीत, लिनक्ससाठी. आतलं सगळं काम जीडीबीच करतं, आम्ही फक्त त्याच्या एमआय इंटरफेसमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमसाठीची त्याची भाषा) त्याच्याशी बोलतो आणि येईल ते दाखवतो. हेतू एवढाच की सी, सी प्लस प्लस शिकणाऱ्या पोरांना दर वेळी किंमती छापून बघायला प्रिंटएफ टाकत बसायला लागू नये. आज दुपारी कोथरूडला मित्राच्या हॉलमध्ये पाच जणांना बसवलं, सगळे सेकंड इयर इंजिनिअरिंगचे, आणि आमचं सॉफ्टवेअर वापरायला दिलं. दोन तासांत जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

१२० ओळींचा प्रोग्रॅम दिला होता. लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक नोड पुढच्या नोडकडे बोट दाखवतो अशी यादी) नावं भरायची, मग युजरने टाईप केलेलं नाव शोधायचं. एका नोडमध्ये नावाचा पॉइंटर नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा, राहून जातो आणि शोधताना दोन नावं ताडून बघणारं स्ट्रकम्प हे फंक्शन तिथे आपटतं. सांगितलं, हे का कोसळतंय ते डीबगरने शोधा, आम्ही मध्ये बोलणार नाही.

पहिल्या मुलीने रन दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं होतं, प्रोग्रॅम नाव टाईप व्हायची वाट बघत होता, पण ती जागा आउटपुटच्या टॅबमध्ये आणि तो टॅब कन्सोलच्या मागे. ती एक मिनिटभर नुसती स्क्रीनकडे बघत बसली. दुसऱ्याने नाव टाकलं, सेगफॉल्ट (सेगमेंटेशन फॉल्ट, चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे कोसळणं) आला, आणि आमच्या जीयूआयने इमानदारीत त्याला जिथे थांबलं तिथे नेलं, म्हणजे लिबसीच्या (सीच्या तयार फंक्शनांची लायब्ररी) पोटात, जिथे सोर्सच नाही, नुसती असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना. तो म्हणाला "सॉरी दादा, माझ्याकडून बंद पडलं बहुतेक". सेगमेंटेशन फॉल्टचा मेसेज तेव्हा कन्सोलमध्ये आलेला होता, कुणाला दिसला नाही. आणखी दोघांनी एकेक ओळ पुढे जायला एफ ५ दाबलं कारण कॉलेजात एक्लिप्स शिकवलेलं, आमच्याकडे एफ ५ म्हणजे चालू ठेव, प्रोग्रॅम सुसाट शेवटपर्यंत. वीस मिनिटांनी तिघं प्रिंटएफवर गेले आणि त्यांनी चूक शोधलीही. आमचं सॉफ्टवेअर बाजूला उघडं पडलेलं, नऊ पॅनल, रजिस्टर, मेमरी, थ्रेड सगळं सगळं दाखवत.

मला आता असं वाटायला लागलंय की दोनच गोष्टी आधी दिसायला हव्यात, कुठे थांबलंय आणि का थांबलंय, बाकी सगळं मागितल्यावर. तुमचं काय म्हणणं? आणि रोज डीबगर वापरणाऱ्यांना नक्की कशाचा त्रास होतो तेही सांगा.

फेज३_बसथांबा | शनिवार, रात्री १०:५५

एफ ५ वरून माझ्या जखमेवरची खपली निघाली. व्हिज्युअल स्टुडिओत एफ ५ म्हणजे चालू ठेव, एक्लिप्समध्ये तेच बटण म्हणजे फंक्शनच्या आत शिर. इंटेलिजेमध्ये एक ओळ पुढे जायला एफ ८ आणि क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये एफ ८ दाबलं की प्रोग्रॅम पळतो. मी एका दिवसात यातली तीन वापरतो. चुकून पुढे गेलं की परत येता येत नाही हा खरा घोळ आहे, टेक्स्ट एडिटरमध्ये चूक झाली तर अनडू असतो, इथे चाळीस मिनिटं लावून आणलेली स्थिती एका बोटाने जाते.

माझं मत, पहिल्यांदा उघडताना विचारा की तुम्ही कशाची बटणं वापरता आणि तीच लावून द्या. आणि लॅपटॉपवर एफची बटणं आधी आवाज आणि ब्राइटनेससाठीच असतात, एफएन धरायला लागतं, त्यामुळे एफ नसलेला एक सेट पण ठेवा.

मोटरवाला_भोसरी | शनिवार, रात्री ११:३०

मी एमआयडीसीत मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर लिहितो. कॉर्टेक्स एम ४ चिप, तिच्याशी बोलणारं ओपनओसीडी, त्यावर जीडीबी, त्यावर कुठला तरी जीयूआय. माझ्या अडचणी तुमच्या पोरांपेक्षा वेगळ्या आहेत, तरी सांगतो.

पहिली म्हणजे ब्रेकपॉइंट, प्रोग्रॅम इथे थांबव अशी खूण. फ्लॅशमधून कोड चालतो तेव्हा ब्रेकपॉइंट हार्डवेअरचे लागतात आणि ते एम ३, एम ४ मध्ये सहाच. जीयूआयमध्ये मी डावीकडे दहा ठिकाणी क्लिक केलं तरी दहा लाल ठिपके आनंदाने उमटतात. मग चालू ठेव दाबलं की एरर, ती पण कन्सोलच्या तळाशी. त्यात आणखी एक भानगड, फंक्शन ओलांडून पुढच्या ओळीवर जायला जीडीबीला स्वतःलाच एक तात्पुरता ब्रेकपॉइंट लागतो, म्हणजे सहाही मी वापरले असतील तर साधं नेक्स्ट पण अडतं आणि कळत नाही का अडलं. कुठेतरी "५/६" एवढं लिहा हो. दोन आकडे.

दुसरी, आणि ही जिवावरची आहे. पॉजचं बटण स्टेपच्या (एक ओळ पुढे) बटणाला चिकटून असतं. मोटर फिरत असताना चुकून पॉज दाबलं गेलं की सीपीयू थांबतो, पण टायमर गोठवायची सेटिंग केलेली नसेल तर पीडब्ल्यूएम (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा सिग्नल) शेवटच्या ड्यूटीवर तसंच चालू राहतं आणि करंटवर लक्ष ठेवणारा लूप मात्र झोपलेला. मी दोन बोर्डांचे मॉसफेट असे जाळलेत, एकदा तर टेबलावरची वायर लाल झालेली बघितलीये. तेव्हापासून बेंचवर करंट लिमिट लावलेल्या सप्लायशिवाय डीबगर जोडत नाही.

तिसरी, मेमरीचं पॅनल आपोआप रिफ्रेश होतं. पेरिफेरल रजिस्टर नुसतं वाचलं तरी त्याची स्थिती बदलू शकते. यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) डेटा रजिस्टर पॅनलने वाचला की आलेला बाइट पॅनलनेच खाल्ला, फ्लॅग उतरला, माझ्या कोडला काहीच मिळालं नाही. दोन दिवस मी माझ्या इंटरप्टमध्ये चूक शोधत होतो, चूक होती ती उघड्या राहिलेल्या खिडकीत. म्हणून माझी विनंती, डीबगरने मला न विचारता काही वाचू नये.

अनुस्वार | रविवार, सकाळी ७:४०

+१ आणि वाचतेय. मोटरवाला यांचा शेवटचा मुद्दा डेस्कटॉपवर पण लागू आहे. माउस व्हेरिएबलवर नेला की किंमत दिसते हे छान, पण एक्स्प्रेशनमध्ये फंक्शन कॉल असेल आणि जीयूआयने तो खरंच चालवला तर प्रोग्रॅमची स्थिती नुसत्या माउसने बदलते. डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि डीबगर यांच्यातली ठरलेली भाषा) म्हणूनच सांगायची सोय आहे की ही किंमत होव्हरसाठी मागतोय, वॉचसाठी की कन्सोलसाठी, म्हणजे पलीकडच्याला ठरवता येतं की होव्हरला फंक्शन चालवायचं नाही. धागाकर्ते, जीडीबी १४ पासून, म्हणजे २०२३ च्या अखेरपासून, हा प्रोटोकॉल जीडीबीत आतूनच मिळतो. एमआय सोडा म्हणत नाही पण बघून ठेवा.

टर्मिनल_काका | रविवार, सकाळी ९:०५

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझा विरोध नोंदवतो. मी १९९४ पासून जीडीबी टर्मिनलमध्ये वापरतो. अप्पा बळवंत चौकातून जुनी सीची पुस्तकं आणून शिकलेली आमची पिढी. स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी लिहिला, त्याला आता चाळीस वर्षं होत आली आणि त्याच्यावर किती खिडक्या आल्या आणि गेल्या. एक्सएक्सजीडीबी होतं, इनसाइट होतं, नेमिव्हर होतं. जीडीबी मात्र तोच आहे. पोरांना बटणं शिकवलीत तर बटणं गेली की ती पोरकी होतील. रात्री दोन वाजता एसएसएचने सर्व्हरवर जावं लागतं तेव्हा तिथे कुठला क्यूटी.

तरीही एक गोष्ट मान्य करतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात नव्वदच्या दशकात डीडीडी नावाचा जीयूआय झाला, तो लिंक्ड लिस्टचे चौकोन आणि बाण काढून दाखवायचा. पॉइंटरवर डबल क्लिक केलं की पुढचा नोड उमटायचा. मला डबली लिंक्ड लिस्ट समजली ती त्या चित्रातून, पुस्तकातून नाही. मोटिफमधलं ते रूप आज जुनाट वाटेल, पण त्या वेळी त्यांनी जे दाखवलं ते टर्मिनलला जमणारं नव्हतं. जीयूआय करायचा तर टर्मिनलला न जमणारं काहीतरी करा, नेक्स्टचं नुसतं बटण करून काय मिळवलंत?

आणि एक सूचना. कुठलंही बटण दाबलं की त्यामागची जीडीबीची कमांड खाली दिसू द्या. म्हणजे वापरता वापरता भाषा कानावर पडेल.

पर्वतीपायथा | रविवार, दुपारी १:२०

काका, कमांड दाखवायची कल्पना फारच आवडली, ती नक्की करणार. आत्ता आम्ही एमआयच्या कमांडी पाठवतो, त्या माणसाने वाचायच्या नसतातच, पण बटणाबरोबर नेहमीची कमांड लिहून दाखवणं अवघड नाही.

मोटरवाला, तुमचं वाचून खरंच धक्का बसला. आमच्याकडे पण पॉज आणि स्टेप शेजारी शेजारीच आहेत. पॉजच्या आधी "नक्की थांबवू का" असं विचारलं तर?

मोटरवाला_भोसरी | रविवार, दुपारी १:४५

नको. दिवसातून शंभर वेळा विचाराल तर शंभर वेळा न बघता एंटर दाबीन. बटण लांब न्या, आणि बोर्डाला जोडलेलं असेल तेव्हा त्याचा एक अक्षरी शॉर्टकट काढून टाका. हाताला सहज लागणार नाही असं करा, विचारू नका.

सोळा_बिट | रविवार, संध्याकाळी ६:१०

मगरपट्ट्यात सी प्लस प्लसवर काम करते, मोठा कोडबेस, माझ्या दोन तक्रारी.

एक, व्हेक्टर, म्हणजे सी प्लस प्लसमधली वाढत जाणारी यादी. फंक्शनमध्ये शिरल्या शिरल्या अजून कन्स्ट्रक्टर (तिला सुरुवातीची किंमत देणारा कोड) चाललेला नसतो, त्यामुळे लोकल व्हेक्टरच्या साईझमध्ये कचरा असतो, कधी कधी काही अब्ज. जीयूआय बिचारा ते खरं मानून सगळे घटक आणायला जातो आणि अख्खी खिडकी गोठते, मी चहा घेऊन येते तरी गोठलेलीच, शेवटी किल करायचं. हे मी एकाहून जास्त टूल्समध्ये बघितलंय. एमआयमध्ये आतले घटक मागताना कुठपासून कुठपर्यंत ते सांगता येतं, पहिले शंभरच मागा आणि खाली "आणखी" द्या, एवढ्याने जीव वाचेल.

दोन, "ऑप्टिमाइझ्ड आउट". आमच्याकडे नवीन आलेली प्रत्येक व्यक्ती एकदा तरी विचारते की माझा व्हेरिएबल कुठे गेला. ओ-टू (कोड वेगवान करायची कंपायलरची सेटिंग) लावून बिल्ड केलेलं असतं, त्या जागी ती किंमत कुठे ठेवलेलीच नसते किंवा कंपायलरने त्याची नोंद ठेवलेली नसते, आणि स्टेप करताना पिवळी पट्टी खाली वर उड्या मारते कारण ओळींचा क्रमच बदललेला असतो. तुमचे विद्यार्थी घाबरून जातील. त्या दोन शब्दांवर माउस नेला की साध्या भाषेत सांगा की हे ऑप्टिमायझेशनमुळे आहे, ओ-जी किंवा ओ-झिरोने परत बिल्ड करून बघा.

आणि थांबण्याचं कारण दाखवताना जपून. सिगइन्फोमधून (कोसळल्याबद्दल कर्नल देतं ती माहिती) पत्ता घेऊन "नल पॉइंटर" असं छापायचा मोह होईल. पण ६४ बिट इंटेलवर पत्ता अगदीच वेडावाकडा असेल, नॉन कॅनॉनिकल, तर कर्नल पत्ता शून्यच देतं. म्हणजे पॉइंटर नल नाही, त्यात कचरा आहे, आणि तुम्ही पोरांना सांगणार नल. सिगइन्फोमधला एसआय-कोड (si_code) पण बघा, तो १२८ असेल तर पत्त्यावर विश्वास ठेवू नका. चुकीचं कारण ठामपणे सांगणारं टूल हे न सांगणाऱ्यापेक्षा वाईट.

जोडाक्षर | रविवार, रात्री ९:३०

मी मराठी शब्दकोशाचं ॲप करतोय, माझं दुखणं देवनागरी. "पुणे" हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडमध्ये (उकार, मात्रा सुटे मोजून) चार कोड पॉइंट, यूटीएफ ८ मध्ये बारा बाइट. डीबगरमध्ये लांबी दिसते १२ आणि स्ट्रिंग उघडून आत बघितलं तर -३२, -९२, -८६ अशी रांग, कारण कॅरेक्टर साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा. लोकेल (भाषेची सेटिंग) "सी" असलेल्या सर्व्हरवर तर नुसता "प" सुद्धा \३४०\२४४\२५२ असा दिसतो. चूक कुठे आहे, माझ्या डेटात की दाखवण्यात, तेच कळत नाही. मी एकदा बरोबर असलेला डेटा "दुरुस्त" करून बिघडवलाय.

स्ट्रिंगसाठी तीन ओळी दाखवता येतील का, मजकूर, कोड पॉइंट आणि बाइट, एकाखाली एक? बंगाली, तमिळवाल्यांनाही उपयोग होईल. अवांतर: थ्रेडला मराठी नाव द्यायला गेलो तर लिनक्सवर १५ बाइटच मिळतात, म्हणजे काना मात्रा धरून पाच. "शोध" बसलं.

गेरू | रविवार, रात्री १०:१५

मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. बऱ्याच डीबगरमध्ये चालू ब्रेकपॉइंट लाल, आणि नुकतीच बदललेली किंमत पण लाल. मला सगळं एकाच मातकट रंगात. रंग ठेवा, पण आकारही बदला. चालू असेल तर भरीव ठिपका, बंद असेल तर पोकळ, अट असेल तर आत बरोबरचं (=) चिन्ह, बदललेली किंमत ठळक अक्षरात.

माझ्या टीममधला एक सहकारी स्क्रीन रीडर वापरतो, ऑर्का. त्याच्यासाठी पिवळी पट्टी नाहीच. स्टेप केल्यावर त्याला प्रत्येक वेळी कॉल स्टॅकच्या (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती यादी) पॅनलमध्ये जाऊन ओळ नंबर ऐकून परत यायला लागतं. पर्वतीपायथा, तुम्ही म्हणताय ती "कुठे थांबलंय, का थांबलंय" ही ओळ जर खरा मजकूर असेल, चित्र नसेल, आणि बदलली की ऑर्काला कळत असेल, तर त्याचं अर्धं काम वाचेल.

मीच_ती_रोल_४२ | सोमवार, दुपारी ४:५०

नमस्कार, मी शनिवारच्या पाच जणांतली एक. मैत्रिणीने धाग्याची लिंक पाठवली. तेव्हा सगळ्यांसमोर बोलता आलं नाही ते आता सांगते.

मला वाटत होतं की पिवळी झालेली ओळ चालून झालेली आहे. बेरीज बरोबर शून्य अशी ओळ पिवळी होती आणि बाजूला बेरीजची किंमत २१८४५ दिसत होती. मी तीन वेळा रन केलं. मला वाटलं की शून्य दिलं तरी शून्य होत नाहीये म्हणजे माझ्या लॅपटॉपवर कंपायलर चुकीचा इन्स्टॉल झालाय. घरी येऊन भावाला विचारलं तेव्हा कळलं की पिवळी ओळ म्हणजे आता चालणार ती. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि सरांनी पण कधी सांगितलं नाही.

अजून एक, स्टेप ओव्हर म्हणजे मला वाटलं ते फंक्शन सोडून पुढे जायचं, न चालवता. म्हणून मी घाबरून दर वेळी स्टेप इनटू दाबत होते आणि प्रिंटएफच्या आत जाऊन अडकत होते.

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ११:१०

ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी तुमच्या मागेच उभा होतो आणि मला वाटत होतं की तुम्ही प्रोग्रॅम समजून घेताय. पंधरा वर्षं डीबगर वापरल्यावर पिवळ्या ओळीचा असा अर्थ कुणी लावेल हे माझ्या स्वप्नात पण आलं नसतं, आणि विचार केला तर तुमचाच अर्थ जास्त सरळ आहे, वाचताना आपण जिथे बोट ठेवतो तिथपर्यंत वाचून झालेलं असतं.

वेलांटी | मंगळवार, सकाळी ८:२०

मी सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते. स्टेप ओव्हरला "ओलांडा" लिहिलेलं मी बघितलंय आणि रोल ४२ ला जे वाटलं तेच त्या शब्दातूनही वाटतं, की खड्डा ओलांडला, त्यात पाय ठेवला नाही. शब्दाला शब्द न ठेवता कृती काय होते ते लिहा. "पुढची ओळ", "फंक्शनच्या आत", "फंक्शन संपवून बाहेर", "चालू ठेव". इंग्रजी शब्द खाली बारीक असू दे, पुढे नोकरीत तेच लागणार आहेत.

फेज३_बसथांबा | मंगळवार, सकाळी ९:१५

याकोब नीलसन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच जणांबरोबर चाचणी घेतली की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ते पाच एकाच तऱ्हेचे वापरणारे असतील तर त्या तऱ्हेच्याच. या धाग्यात मोटरवाला, जोडाक्षर आणि गेरू यांनी जे सांगितलं त्यातलं एकही तुमच्या हॉलमध्ये सापडलं नसतं. पुढच्या वेळी माणसं वेगवेगळी बोलवा.

पर्वतीपायथा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:४०

धागा वर काढतोय. काल परत चाचणी घेतली, चार नवीन विद्यार्थी, प्रोग्रॅम तोच.

उघडल्यावर आता तीनच गोष्टी, सोर्स, त्या फंक्शनचे व्हेरिएबल आणि वर एक आडवी पट्टी. पट्टीत साधं वाक्य. चालू असेल तर "प्रोग्रॅम चालू आहे", आणि तो टर्मिनलमधून काही वाचायला थांबलाय असं दिसलं तर "तुमच्या टाईप करण्याची वाट बघतोय", आणि तो टॅब आपोआप पुढे येतो. कोसळला की लिबसीच्या पोटात न नेता स्टॅकमध्ये वर चढून जिथे आपला सोर्स आहे त्या पहिल्या फ्रेमवर नेतो आणि पट्टी म्हणते, "ओळ ४७ वरून बोलावलेल्या स्ट्रकम्पमध्ये कोसळला, पत्ता ० वाचायला गेला". सोळा_बिट यांनी सांगितलेला १२८ चा अपवाद घातला, तिथे फक्त "चुकीचा पत्ता, नक्की कुठला ते सांगता येत नाही". पट्टी खरा मजकूर आहे, ऑर्का वाचतो, मी स्वतः डोळे मिटून तपासलं, तरी गेरू यांच्या सहकाऱ्याने एकदा बघावं अशी इच्छा आहे.

पिवळ्या ओळीचं आम्ही दोनदा केलं. आधी पट्टीत "ही ओळ आता चालणार आहे" असं लिहिलं, आपल्याच ऑफिसमधल्या दोघांना दाखवलं, कुणी वाचलंच नाही, डोळे सोर्सवर. मग बाण ओळीच्या मध्यावरून काढून ओळीच्या वरच्या कडेला आणला, दोन ओळींच्या फटीत, आणि ज्यांची डिक्लरेशनची ओळ अजून यायची आहे असे व्हेरिएबल करडे करून किंमतीच्या जागी रेघ. ओळ नंबर जीडीबीच्या पायथनमधून सिम्बॉलला विचारला की मिळतो. २१८४५ आता दिसतच नाही. लूपमध्ये दुसऱ्या फेरीला हा हिशोब थोडा चुकतो, मागच्या फेरीची किंमत रेघेमागे लपते, त्यावर अजून उत्तर नाही, सुचलं तर सांगा. आणि याच रेघेमुळे कन्स्ट्रक्टर न चाललेला व्हेक्टर आम्ही उघडायलाच जात नाही, उघडला तरी शंभरच घटक.

कुठली बटणं वापरता हे पहिल्यांदा विचारणं फसलं. चौघांपैकी तिघांनी न वाचता पुढे दाबलं, कारण त्यांना कशाचीच सवय नाही. ते सेटिंगमध्ये ठेवलंय आणि बटणांवर वेलांटी यांचे शब्द घातलेत. चौघांपैकी कुणीही प्रिंटएफच्या आत अडकलं नाही.

आणि काका, तुमची कमांडची ओळ. एका मुलाने अर्ध्या तासाने बटणं सोडून खाली स्वतः "प्रिंट" टाईप करून नोडमधलं नाव बघितलं. आम्ही सांगितलं नव्हतं. चित्राचं पण सुरू केलंय, लिस्टचे चौकोन निघतात, बाण अजून एकमेकांवरून जातात.

चूक चौघांनाही सापडली, एकाने तरीही शेवटी प्रिंटएफ टाकून खात्री केली.

टर्मिनल_काका | रविवार, रात्री १०:२०

वाचून बरं वाटलं. लूपच्या प्रश्नाबद्दल: रेघ लावायच्या आधी ती ओळ आत्ताच्या ब्लॉकमध्ये एकदा तरी चालून गेली आहे का हे तुम्हालाच लक्षात ठेवता येईल, वापरणारा स्टेप करत आलेला असेल तर तुम्हाला प्रत्येक थांबा माहीत असतो. मधूनच ब्रेकपॉइंटवर आला असेल तर मात्र नाही. तिथे किंमत दाखवा पण करडीच ठेवा. बाणांचं मी बघतो, सोर्स कुठे आहे ते कळवा.

मोटरवाला_भोसरी | रविवार, रात्री १०:३२

ब्रेकपॉइंटचा ५/६ झाला का? आणि मेमरी पॅनलचं आपोआप वाचणं?

पर्वतीपायथा | रविवार, रात्री १०:५०

आकडा झालाय, पण सहा हा आम्ही हाताने लिहिलाय, चिपला विचारून घ्यायला हवा. मेमरी पॅनल आता बंदच असतं, उघडलं तरी वाच म्हटल्याशिवाय वाचत नाही. पॉज दुसऱ्या टोकाला नेलं. पण खऱ्या बोर्डावर आम्ही काहीच तपासलेलं नाही, आमच्याकडे बोर्ड नाही. पुढच्या शनिवारी चार वाजता तोच हॉल, कर्वे पुतळ्यापासून चालत पाच मिनिटं. याल का? जोडाक्षर, गेरू, तुम्ही पण या, स्ट्रिंगच्या तीन ओळी झाल्यात, ठिपक्यांचे आकार बाकी आहेत ते समोर बसूनच ठरवू.

मोटरवाला_भोसरी | रविवार, रात्री ११:०४

येतो. दोन बोर्ड आणतो, प्रोब माझा, सप्लाय पण माझाच, करंट लिमिट लावून. मोटर पहिल्या दिवशी नाही जोडणार, तिच्या जागी बल्ब लावू. पॉज दाबल्यावर तो कसा वागतो ते आधी सगळ्यांनी बघा.

मीच_ती_रोल_४२ | रविवार, रात्री ११:१५

मी पण येऊ का? बल्ब बघायचाय. आणि तो १२० ओळींचा प्रोग्रॅम मला परत एकदा नवीन व्हर्जनवर करायचाय, कुणी मागे उभं न राहता.